‘विश्व’ शब्दाचे दोन अर्थ : शॅप्ली-कर्टिस वादाचा मुद्रित पाठ

आकाशगंगेची रचना ज्योतिर्विदांनी कशी निश्चित केली, हे सांगताना २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टन येथे झालेल्या शॅप्ली-कर्टिस वादाचा उल्लेख हटकून येतो. परंतु ‘विश्वाचा विस्तार’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली १९२१ साली प्रसिद्ध झालेले दोघांचे निबंध मुळातून वाचण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. मग जिंकले कोण, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो प्रश्नच गैरलागू आहे.

शॅप्ली यांचे बळ गोलाकार तारकागुच्छांच्या विवेचनात आहे. हे गुच्छ आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले नसून धनु राशीच्या बाजूस दाटलेले आहेत. ज्या बिंदूभोवती ते जमले तेच आकाशगंगेचे केंद्र, आणि सूर्य त्यापासून दूर, असा त्यांचा निष्कर्ष. हर्शेल यांनी १७८५ मध्ये ताऱ्यांची गणना करून सूर्याला मध्याजवळ बसविले होते; तो समज येथे ढळतो. मात्र शॅप्ली यांनी व्यास सुमारे ३ लक्ष प्रकाशवर्षे आणि सूर्याचे केंद्रापासूनचे अंतर सुमारे ६०,००० मानले. आज हे आकडे अनुक्रमे सुमारे १ लक्ष आणि २६,००० धरले जातात. अंतराळातील धूळ प्रकाश मंद करते, हे त्यांनी हिशेबात घेतले नाही. ट्रम्प्लर यांनी ते १९३० मध्ये दाखविले.

कर्टिस यांचा व्यास अवघा ३०,००० प्रकाशवर्षांचा, आणि सूर्य मध्याजवळच! तरीही गद्य म्हणून त्यांचा निबंध अधिक प्रामाणिक वाटतो. व्हान मानेन यांनी मोजलेली सर्पिल अभ्रिकांची परिभ्रमणगती इतर निरीक्षकांनीही पडताळून पाहिली आणि ती खरी ठरली, तर आपला ‘द्वीपविश्वां’चा पक्ष सोडावा लागेल, असे ते स्वतःच लिहून ठेवतात. शॅप्ली त्याच मोजमापांवर विसंबले. ती पुढे चुकीची ठरली. हबल यांनी देवयानीतील सेफीड ताऱ्यांवरून काढलेले अंतर १९२५ च्या आरंभी जाहीर झाले, आणि सर्पिल अभ्रिका आपल्या आकाशगंगेबाहेरच्या आहेत, हे कर्टिस यांचे मत मान्य झाले.

म्हणजे प्रत्येकाचे अर्धे बरोबर. परंतु दोघांनीही एक गोष्ट विनाचर्चा मान्य केली : आकाशगंगा मोठी असेल तर अभ्रिका तिच्या तोलाच्या असू शकत नाहीत. शॅप्ली यांच्या लेखी ‘विश्व’ म्हणजे जवळजवळ आपली आकाशगंगाच. कर्टिस यांच्या लेखी ती अनेक विश्वांपैकी एक. ‘द्वीपविश्व’ या समासानेच सर्व बेटे एका मापाची, हे गृहीत धरायला लावले, असे आम्हांस वाटते.

मराठीतही ही अडचण आहे. ‘आकाशगंगा’ हे रात्री दिसणाऱ्या पट्ट्याचे नाव. जातिवाचक शब्द ‘दीर्घिका’. (संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे. इंग्रजांनी बेट पाहिले, आपण पाणी पाहिले!) तरीही ‘इतर आकाशगंगा’ असे सर्रास लिहिले जाते आणि प्रत्येक दीर्घिका आपल्याच घडणीची असावी, असा ग्रह वाचकाच्या मनात रुजतो, लंबगोल दीर्घिकांना तर चकतीही नसते.