दीर्घ पर्वतवाटेवरील दिनचर्या आणि तिचे वाङ्मय

प्रवासवर्णनाची चिकित्सा करताना आपण बहुधा स्थलवर्णन, व्यक्तिदर्शन आणि लेखकाचे आत्मप्रकटीकरण ह्या अंगांचा विचार करतो. प्रवासी काय खातो, कोठे निजतो, पायांची काय काळजी घेतो, पाठीवर किती ओझे वाहतो, हा सारा तपशील आपण गौण मानतो. तो फार झाला तर लेखकाला पाल्हाळाचा दोषही देतो. अमेरिकेतील दीर्घ पर्वतवाटांवरून पायी चालून गेलेल्यांनी जे वाङ्मय निर्माण केले आहे, त्याला हे माप लावता येत नाही. तेथे दिनचर्या हाच विषय आहे, आणि तिच्याशी लेखक किती प्रामाणिक राहतो ह्यावर त्या लेखनाचे मोल ठरवावे लागते. प्रस्तुत लेखात हे मत काही निवडक ग्रंथांच्या आधारे मांडावयाचे आहे.

ह्या वाटांपैकी सर्वांत प्रसिद्ध ती अ‍ॅपलेशियन ट्रेल. जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत ती चौदा राज्यांतून जाते; लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. वाट दाखविणारे पांढरे पट्टे झाडांवर व खडकांवर रंगविलेले असतात, आणि साधारण एका दिवसाच्या चालीवर, तीन बाजू बंद व एक उघडी असे लाकडी निवारे बांधलेले असतात. ही कल्पना १९२१ साली बेंटन मकाय ह्या नियोजनकाराने वास्तुशिल्पज्ञांच्या एका नियतकालिकात मांडली. १९३७ साली वाट पूर्ण झाली. मकायच्या मनात मात्र एकट्या माणसाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग चालत जावे असे काही नव्हते. त्याला डोंगरात सामुदायिक वसाहती हव्या होत्या, शेतीची शिबिरे हवी होती. कारखान्यांच्या शहरांतून आलेल्या माणसाने तेथे चार दिवस एकत्र श्रम करावेत, असा त्याचा हेतू होता. पुढे वाट राहिली आणि वसाहती कागदावरच राहिल्या. वाटेच्या वाङ्मयातला नायक एकटा का, ह्याचे एक उत्तर ह्या इतिहासात आहे.

आता लेखकापुढील अडचण पाहावी. पाच-सहा महिने माणूस रोज तेच करीत असतो. पहाटे ओलसर झालेली सॅक भरावयाची, पंधरा-वीस मैल चालावयाचे, झऱ्याचे पाणी शुद्ध करून घ्यावयाचे, संध्याकाळी काहीतरी शिजवावयाचे, उरलेले अन्न अस्वलाच्या भयाने झाडाला टांगावयाचे आणि निवाऱ्यातील उंदरांच्या सोबतीने निजावयाचे. दर चार-सहा दिवसांनी वाट सोडून जवळच्या गावी उतरावयाचे, टपालकचेरीत आपल्याच नावे आगाऊ पाठविलेला शिध्याचा खोका घ्यावयाचा, पोटभर जेवावयाचे आणि पुन्हा डोंगर चढावयाचा. कथेला बदल हवा असतो, आणि येथे तर पुनरावृत्ती हेच अनुभवाचे स्वरूप आहे. प्रत्येक ग्रंथकाराने ही अडचण कशी सोडविली, किंवा कशी टाळली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

अर्ल शेफर ह्या पेन्सिल्व्हेनियातील तरुणाने १९४८ साली ४ एप्रिल ते ५ ऑगस्ट ह्या १२४ दिवसांत ही वाट चालून पूर्ण केली. सलग वाटचालीची ही पहिली नोंद. पॅसिफिकमधील युद्धातून तो परतला होता. त्याचा बालमित्र इवो जिमा येथे मारला गेला होता. अंगात भिनलेले लष्कर चालून चालून झाडून टाकावे, अशी त्याची भावना होती. परंतु त्याच्या 'वॉकिंग विथ स्प्रिंग' ह्या ग्रंथात युद्धाचा उल्लेख किती थोडा! त्यात येते ते मक्याचे पीठ, तव्यावर भाजलेली जाड भाकर, पावसात न पेटणारी चूल, युद्धकाळात देखभालीअभावी बुजलेली वाट, उतारावर कुरकुरणारे गुडघे. वसंत ऋतू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो आणि हा माणूस त्याच्यासोबत सरकतो, एवढीच काय ती रचना. मधूनमधून येणारी त्याची स्वतःची पद्ये सामान्य आहेत. ती गाळली असती तरी चालले असते. गद्य मात्र कोरडे आणि सरळ आहे, आणि त्या कोरडेपणातच दुःख दबलेले जाणवते. ज्याला मित्राविषयी बोलावयाचे नाही तो माणूस भाकरीविषयी इतके नेमके का बोलतो, हा प्रश्न वाचक स्वतःला विचारतो. शेफर त्याचे उत्तर देत नाही, हे त्याच्या लेखनाचे बळ होय.

ह्या ग्रंथाला आणखी एक बाजू आहे. शेफरच्या पराक्रमावर वाटेच्या संघटनेतील मंडळींचा प्रथम विश्वास बसेना. तेव्हा त्याची बारकाईने विचारपूस झाली, आणि रोज लिहिलेली छोटी वही व काढलेली छायाचित्रे पुराव्यादाखल उपयोगी पडली. पुस्तक बऱ्याच उशिराने, १९८०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. वही आज वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. पुढे २०११ साली एका अभ्यासकाने त्याच वहीच्या आधारे, शेफरने वाटेचे काही भाग टाळले असा आक्षेप घेतला. ह्या वादाचा निकाल देणे येथे प्रस्तुत नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की, पुस्तकातील प्रांजळ, ओघवत्या निवेदनावरून असा आक्षेप कोणाला घेताच आला नसता. तो घेता आला तो वहीतल्या त्रोटक नोंदींवरून. ज्या तपशिलाने लेखकाला खरे ठरविले त्याच तपशिलाने त्याला संशयाच्या फेऱ्यात आणले. दिनचर्येला ह्या वाङ्मयात साक्षीचे स्थान आहे असे म्हणावयाचे ते ह्या अर्थाने.

१९५५ साली सदुसष्ट वर्षांच्या एमा गेटवुड ह्या बाई साधे कॅनव्हासचे बूट घालून, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी टाकून आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा बरोबर घेऊन हीच वाट एकट्याने चालून गेल्या. अकरा मुलांची ही आई नवऱ्याची मारहाण सोसून वेगळी झालेली होती. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. बेन मॉंटगोमेरी ह्याने २०१४ साली लिहिलेले त्यांचे चरित्र वाचनीय आहे. परंतु त्यातही सर्वांत जिवंत भाग आहे तो बाईंच्या टिपणांतून आलेला, रात्री कोणी घरात घेतले आणि कोणी दारातून परत पाठविले ह्याचा.

बिल ब्रायसनचा 'अ वॉक इन द वुड्स' (१९९८) हा ह्या शाखेतील सर्वाधिक लोकप्रिय ग्रंथांपैकी एक. त्याची विनोदबुद्धी निर्विवाद आहे. सोबती कॅट्झ पहिल्याच दिवशी ओझ्याने संतापून सामान दरीत भिरकावून देतो, त्यात कॉफी गाळण्याचे कागदही जातात, आणि पुढे त्याची अडचण भोगावी लागते. हा प्रसंग नुसता हास्यकारक नाही. डोंगरात टाकलेली प्रत्येक वस्तू उद्या सकाळी आपली उणीव जाणवून देते, हे त्या जीवनाचे सूत्र तो सांगून जातो. पण ब्रायसनला पुनरावृत्ती सोसत नाही. दिवस एकसारखे होऊ लागले की तो भूगर्भशास्त्राकडे, चेस्टनट वृक्षांच्या रोगाकडे, वनखात्याच्या कारभाराकडे वळतो. ही विषयांतरे माहितीपूर्ण आहेत. क्वचित मूळ विषयाहून सरसही आहेत. गॅटलिनबर्ग गावी भिंतीवरच्या नकाशात आपण चाललेले अंतर बोटभरसुद्धा नाही असे दिसताच दोघे मधला मोठा भाग सोडून देतात. एकूण वाटेचा चाळीस टक्क्यांहून थोडा कमीच भाग त्यांनी चालला, आणि ब्रायसन ते लपवीत नाही. टीकाकारांनी त्याला अपुऱ्या चालीबद्दल दोष दिला आहे. माझ्या मते तो दोष चालीचा नाही, धीराचा आहे, आणि तो पायांपेक्षा लेखणीत अधिक दिसतो.

शेरिल स्ट्रेडच्या 'वाइल्ड' (२०१२) ह्या ग्रंथातील वाट निराळी. ती पश्चिम किनाऱ्याकडील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल. १९९५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, लेखिका त्या वाटेचे सुमारे १,१०० मैल चालली. आईचा मृत्यू, मोडलेला संसार आणि मादक द्रव्ये हा तिचा पूर्वेतिहास पानोपानी येतो. ग्रंथाचा पहिला तृतीयांश असामान्य आहे. वाळवंटाकाठच्या मोटेलात भरलेली सॅक तिला उचलताच येत नाही. जमिनीवर बसून, पट्टे आवळून, चार पायांवर रांगत ती कशीबशी उभी राहते. स्टोव्हमध्ये चुकीचे इंधन घातल्यामुळे थंड लगदा खाऊन दिवस काढावे लागतात. बूट लहान पडतात आणि नखे गळतात. येथे शोकाचे वेगळे वर्णन करण्याची गरजच उरत नाही. उत्तरार्धात मात्र दिवस आखडत जातात, आठवणी पसरतात, आणि वाट ही पूर्वस्मृती टांगण्याची दोरी बनते. वाटेने आपल्याला बरे केले असे लेखिका म्हणते. ते कोणत्या दिवशी, कोणत्या चढावर, हे पूर्वीच्या नेमकेपणाने सांगत नाही. शोक आणि सॅक ह्यांचे जे अद्वैत तिने आरंभी साधले होते, ते पुढे सुटले आहे.

मराठी वाचकाला ह्या ठिकाणी इरावती कर्वे ह्यांच्या 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' ह्या निबंधाची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. पंढरीच्या वाटेवर दिवसभर एका सुरात भजन म्हणणारी दिंडी जेवणाच्या वेळी जातीजातींत विभागते, हे बाईंनी पाहिले आणि लिहिले. भक्तीच्या वर्णनात जे दिसले नसते ते पंगतीत दिसले. सामाजिक सत्य दिनचर्येतून उघडे पडते ते असे. मग अमेरिकन वाटेवर गावात जाऊन जेवणे, रस्त्यावर उभे राहून मोटार थांबविणे, अनोळखी माणसाने देऊ केलेली भाकरी घेणे ह्या गोष्टी सर्वांना सारख्या सुलभ असतात काय? ब्रायसन आणि शेफर हा प्रश्न स्वतःला विचारीत नाहीत. स्ट्रेड स्त्री म्हणून तो विचारते, पण तेवढाच.

राहावा हेले ह्या इरिट्रियन वंशाच्या कृष्णवर्णीय लेखिकेने २०१६ साली अ‍ॅपलेशियन ट्रेल पूर्ण चालली आणि २०१७ साली 'आउटसाइड' मासिकात त्यावर एक दीर्घ लेख लिहिला. आकाराने लहान असूनही मी त्याला वरील ग्रंथांच्या पंक्तीत बसवितो. इतरांच्या लेखनात शिधा आणण्यासाठी गावी उतरणे हा विसाव्याचा क्षण असतो. हेलेला रानात जितके सुरक्षित वाटते तितके गावात वाटत नाही, कारण तेथे दक्षिणेच्या जुन्या गुलामधार्जिण्या राज्यसंघाचे झेंडे फडकताना दिसतात. दिनचर्येतील तीच कृती, पण तिचा अर्थ पालटलेला. ह्या एका फरकाने आधीच्या सर्व ग्रंथांतील गरमागरम जेवणाची वर्णने आपल्याला पुन्हा वाचावी लागतात.

ओझ्याचा एक तपशील ह्याच संदर्भात नोंदविण्याजोगा आहे. ह्या वाटांवरील लोक वजनाविषयी इतके दक्ष असतात की दात घासण्याच्या ब्रशची दांडीसुद्धा कापून टाकतात. स्ट्रेड वाचून झालेली पाने रोज रात्री जाळीत असे. एड्रिएन रिच हिचा एक कवितासंग्रह तेवढा तिने शेवटपर्यंत वाहिला. हेलेने कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके पाठीवर घेतली, डोंगर चढवून नेली आणि एकेका निवाऱ्यात, मागून येणाऱ्या कोणाच्याही हाती पडावीत म्हणून, ठेवून दिली.