‘नेणीव’ : एका संज्ञेचे दोन अर्थ

जो मानसिक व्यापार व्यक्तीला अज्ञात राहूनही तिच्या वर्तनाला वळण देतो, त्याच्यासाठी मराठी समीक्षेत ‘अचेतन’, ‘अबोध’, ‘सुप्त मन’ आणि ‘नेणीव’ अशा अनेक संज्ञा वापरल्या जातात. यांपैकी ‘अचेतन’ हा शब्द निर्जीव वस्तूचाही वाचक आहे. ‘अबोध’ म्हणताच बालकाचा अजाणपणा सुचतो. ‘सुप्त’ या विशेषणाने तर व्यापाराची क्रियाशीलताच लोपते. ‘नेणीव’ ही संज्ञा त्यांहून सरस होय. फ्रॉइडने योजिलेल्या जर्मन शब्दाप्रमाणे तिच्याही मुळाशी ज्ञानार्थक धातू आहे. तथापि शब्द जुना आणि अर्थ नवा असल्यामुळे तिच्या उपयोजनात घोटाळा संभवतो. सातारा व सांगली या भूमीशी निगडित असलेल्या दोन ग्रंथांच्या आधारे तो स्पष्ट करता येईल.

‘नेणणे’ हे क्रियापद प्राकृतातील ‘ण जाणइ’ या प्रयोगापर्यंत मागे नेता येते. चाफळ आणि सज्जनगड येथे वास्तव्य केलेल्या रामदासांच्या ‘दासबोधा’त ‘जाणीव’ आणि ‘नेणीव’ ही जोडी वारंवार येते. तेथे जाणीव सत्त्वगुणाची, तर नेणीव तमोगुणाची. ही नेणीव म्हणजे ज्ञानाचा अभाव. श्रवणमननाने ती दूर होते. फ्रॉइडच्या १९१५ मधील निबंधात वर्णिलेली नेणीव अभावरूप नाही. दडपलेल्या इच्छांचा तो चालता व्यापार असून केवळ उपदेशाने तो नष्ट होत नाही, उलट प्रतिकार करतो. म्हणून केवळ शब्दसाम्यावरून रामदासांना फ्रॉइडचे पूर्वसूरी ठरविणे सयुक्तिक नव्हे.

सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीविषयी याच्या उलट प्रमाद संभवतो. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा येथे आपापली कथा स्वमुखाने सांगतात. आपली सुखलोलुपता ययाति स्वतःच मागे वळून उलगडतो. जी वासना निवेदक नाव घेऊन सांगतो, ती कितीही प्रबळ असली तरी जाणिवेतलीच होय. नेणिवेचा शोध घ्यावयाचा तर निवेदकाने दिलेले कारण आणि त्याची कृती यांत जेथे विसंगती आहे, आणि ती त्याच्या ध्यानात आलेली नाही, तेथे घ्यावा लागेल.

सारांश, संतवाङ्मयात ‘नेणीव’ आढळल्यास तिचा अर्थ अज्ञान असाच घ्यावा. आधुनिक समीक्षेत ती क्रियाशील व्यापाराची संज्ञा मानावी आणि त्या व्यापाराचा पुरावा संहितेतून दाखविता येईल तेथेच ती योजावी. अन्यत्र ‘नकळत’ हा साधा शब्द पुरेसा आहे.