रिकामी चढाई

साहित्याला वाहिलेल्या मासिकात कबड्डीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कित्येक वाचक करतील. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, जेथे शैली आहे तेथे समीक्षेचा अधिकार पोहोचतो. आणि खेळणाऱ्या संघास शैली असते, हे महाड-पोलादपूरकडील प्रेक्षकास पटवून द्यावे लागत नाही. महाड तालुक्यातील तुडीलसारख्या गावी मैदानाच्या कडेला बसलेला मनुष्य झुंजून हरलेल्या संघास एक वेळ क्षमा करील. पण भीतभीत खेळून जिंकलेल्या संघास तो सहजासहजी सोडीत नाही. वाडी आपली, पोरे आपली, गुणफलकावरील आघाडीही आपलीच. आणि तरीही तो चडफडत असतो. हे चडफडणे न्याय्य आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्याची तक्रार समजून घेतली पाहिजे. चढाईस तीस सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात चढाई करणाऱ्याने निदानरेषा ओलांडली म्हणजे त्याची चढाई कायदेशीर ठरते. मग त्याने कोणास स्पर्श केला नाही, बोनस रेषेकडेही पाऊल टाकले नाही, तरी तो सुखरूप परत येऊ शकतो. हीच रिकामी चढाई. तीत कोणाचे काही जात नाही. जातो तो केवळ वेळ, आणि आघाडीवर असलेल्या संघास नेमके तेच हवे असते. प्रेक्षक मात्र मुंबईहून शिमग्याला रजा काढून आलेला असतो, आणि त्याच्या पदरी पडते ते दोन्ही बाजूंचे नुसते येणे-जाणे.

या कंटाळ्यावर उपाय योजण्याचा प्रयत्न झालेला आहे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे ‘करो या मरो’ची तिसरी चढाई घरोघरी माहीत झाली. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे. न मिळाल्यास चढाई करणारा बाद होतो आणि प्रतिपक्षास गुण मिळतो. फुटबॉललाही याच दुखण्याने ग्रासले होते. १९९० साली इटलीत झालेल्या विश्वचषकात ५२ सामन्यांत अवघे ११५ गोल झाले, आणि पश्चिम जर्मनीने अंतिम सामना जिंकला तोही पेनल्टीच्या एकमेव गोलावर. चेंडू पुनःपुन्हा मागे गोलरक्षकाकडे द्यावा, त्याने तो हातांत धरून वेळ काढावा, या प्रकारास लोक विटले होते. म्हणून १९९२ साली सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळण्यास बंदी झाली, आणि १९९४ च्या विश्वचषकापासून विजयास दोहोंऐवजी तीन गुण देण्यात येऊ लागले. त्या वर्षी तितक्याच ५२ सामन्यांत १४१ गोल झाले. सुधारणेस कारणे अनेक असतील. पण प्रेक्षकाचा संताप अगदीच निष्फळ नसतो, एवढे यावरून दिसते.

तथापि नियमाची धाव कोठवर, हेही पाहिले पाहिजे. सामन्याची शेवटची तीन मिनिटे उरली आहेत असे समजा. पूर्ण मुदत घेणाऱ्या सहा चढाया त्यांत बसतात. तीन आपल्या, तीन त्यांच्या. पहिल्या दोन खुशाल रिकाम्या काढाव्यात आणि धाडस करावयाचे ते तिसरीत, असा हिशेब चतुर संघ सहज मांडतो. म्हणजे भित्रेपणा नाहीसा झाला नाही, त्याचे फक्त वेळापत्रक ठरले. संस्कृत पद्यात वृत्ताची मात्रा भरून काढण्यासाठी च, वै, तु, हि असे शब्द घालतात. पाद पूर्ण होतो, अर्थात भर पडत नाही. रिकामी चढाई ही अशीच पादपूरणाची युक्ती आहे. छंदःशास्त्राने कवीस चरण पुरा करावयास लावता येते. त्याच्या ठिकाणी प्रतिभा उत्पन्न करता येत नाही.

येथे खेळाडूची बाजूही ऐकली पाहिजे. एक गडी बाद झाला की सातांचे सहा होतात, मग पाच, आणि पाहता पाहता लोण चढतो. शिवाय गावच्या मैदानावर खेळणाऱ्यास पगार नसतो. गुडघा दुखावला तर रोजगार बुडतो आणि घरी चूल पेटण्याची पंचाईत पडते. काठावर बसून ‘शिर आत’ म्हणून ओरडणाऱ्यास यातले काहीच गमवावे लागत नाही. म्हणून प्रत्येक सावध पावलास भ्याडपणा म्हणणे हा अन्याय होईल.

मग धीर आणि भीती यांतील भेद ओळखावा कसा? अनुप कुमारचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांस तो सांगावयास नको. हा शांत वृत्तीचा गडी घाई अशी करीतच नसे. बोनस घ्यावा, बचावफळीची रचना न्याहाळावी, कोणाचा पाय पुढे पडतो ते टिपावे, आणि मग घाव घालावा. त्याच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने २०१५ साली लीगचे विजेतेपद मिळवले. २०१६ च्या विश्वचषकात अहमदाबादेस इराणविरुद्ध मध्यंतरास पिछाडीवर असूनही भारताने अंतिम सामना ३८-२९ असा जिंकला. अशा गड्याची रिकामी चढाईही वाया जात नाही, कारण ती पुढच्या चढाईची तयारी असते. भित्र्याची चढाई जेथे सुरू होते तेथेच संपते.

आमच्या मते प्रेक्षकाने हीच कसोटी लावावी: या संथपणातून पुढे काही निघणार आहे काय? निघणार असेल तर त्याने वाट पाहावी. नसेल तर त्याने खुशाल बोल लावावा. ‘जिंकल्याशी कारण’ असे म्हणून त्याचे तोंड बंद करणे योग्य नव्हे. विजय गुणपत्रकावर राहतो; पण मैदानाच्या कडेला बसलेली दहा-बारा वर्षांची पोरे घरी नेतात ती खेळण्याची रीत. दुसऱ्या दिवशी अंगणात रेघा ओढून तीच रीत ती गिरवतात. त्यांनी काय गिरवावे याची ज्यास काळजी आहे, तोच चडफडतो. ज्यास नाही, तो उठून घरी जातो. संघाने त्याच्या रागावण्यास भिऊ नये. ज्या दिवशी तो रागावणे सोडून देईल, तो दिवस संघास खरा वाईट होय.