पैसे पोचले, पण अट पोचली का?

एआय एजंट आपल्या वतीनं खरेदी करणार असेल, तर त्यानं पैसे कुठल्या मार्गानं द्यावेत? संशोधनासाठी विषय शोधत असाल तर हा प्रश्न तुम्हाला खुणावेल, आणि त्यात नवल नाही. प्रोटोकॉल अनेक आहेत, प्रत्येकाची फी वेगळी, लागणारा वेळ वेगळा. मग ग्राफ काढायचा, प्रत्येक कडेवर फी आणि वेळ लिहायचा, डायक्स्ट्राचा अल्गोरिदम चालवायचा, की सगळ्यात स्वस्त मार्ग मिळाला! माझं पहिलं मॉडेल अगदी असंच होतं. गाईडनी ते पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आणि वस्तू परत केली तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही मांडणी नेमकी कुठे तोकडी पडते, ते आज बघू.

आधी प्रोटोकॉल समजून घेऊ. गूगलनं सप्टेंबर २०२५ मध्ये साठहून अधिक संस्थांच्या साथीनं एपी-टू जाहीर केला. त्याचा गाभा म्हणजे ‘मॅन्डेट’, म्हणजे ग्राहकानं काय मान्य केलं याचा डिजिटल सही असलेला पुरावा. त्याच महिन्यात ओपनएआय आणि स्ट्राइप यांचा एसीपी आला. त्यात एजंटकडे कार्डाचा नंबर जात नाही. ठरावीक दुकान, कमाल रक्कम आणि मुदत यांना बांधलेलं टोकन दुकानदाराला मिळतं. तिसरा एक्स-४०२, कॉइनबेसनं मे २०२५ मध्ये आणलेला. वेबच्या एचटीटीपीमध्ये ‘पैसे भरा’ असं सांगणारा ४०२ हा कोड १९९७ पासून राखून ठेवलेला होता. यांनी तो वापरात आणला. सर्व्हर रक्कम आणि पत्ता सांगतो, एजंट सही करून बहुधा स्टेबलकॉइनमध्ये पैसे देतो.

आता एक उदाहरण घ्या. अमेरिकेत शिकणाऱ्या तुमच्या बहिणीनं एजंटला सांगितलं, "८० डॉलरच्या आत, परत करता येतील असे बूट घे. शुक्रवारनंतर घेऊ नकोस." यात तीन अटी आहेत: रक्कम, मुदत आणि परतीची सोय.

एपी-टूच्या पहिल्या आवृत्तीत इंटेन्ट मॅन्डेटमध्ये ‘वस्तू परत करता आली पाहिजे’ यासाठी स्वतंत्र रकाना आहे. म्हणजे तिन्ही अटी लिहिता येतात. एसीपीच्या टोकनवर रक्कम आणि मुदत बसते. परतीची अट बसत नाही. एक्स-४०२ मध्ये सही कशावर होते? देणारा, घेणारा, रक्कम, वैधतेचा काळ आणि एकदाच वापरायचा क्रमांक यांवर. परतीचा उल्लेख तिथेही नाही. शिवाय कार्डाच्या व्यवहारात वाद झाला तर चार्जबॅक मागता येतो, तसा मार्ग इथे मुळातच नाही. दुकानदारानं स्वतःहून पैसे परत पाठवले तरच ते मिळणार.

म्हणजे एजंट एका प्रोटोकॉलमधून दुसऱ्यात गेला की पैसे पुढे जातात, अट मात्र मागे राहू शकते. फी आणि वेळ मोजणाऱ्या मॉडेलला हे दिसतच नाही. उलट परतीची सोय नसलेला मार्ग स्वस्त असेल, तर मॉडेल तोच निवडेल आणि त्याला ‘इष्टतम’ म्हणेल. बूट चावले तर ८० डॉलर बहिणीचे जातील, मॉडेलचं काही जाणार नाही.

गणिताच्या भाषेत चूक अशी: डायक्स्ट्राच्या पद्धतीत पुढच्या मार्गाचा खर्च तुम्ही आत्ता कुठल्या नोडवर आहात यावरच ठरतो, तिथे कसे पोचलात याला महत्त्व नसतं. इथे ते आहे. दुकानाचं परतीचं धोरण आधी तपासून टोकन घेतलेला एजंट आणि न तपासता घेतलेला एजंट एकाच नोडवर उभे असले, तरी त्यांची स्थिती एक नाही.

दुरुस्ती फार अवघड नाही. स्थिती म्हणजे नुसता नोड न धरता ‘नोड आणि आतापर्यंत तपासलेल्या अटी’ अशी जोडी धरा. पाच अटी असतील तर प्रत्येक नोडच्या जास्तीत जास्त ३२ प्रती होतात. ‘अट तपासणे’ हीदेखील एक कडा, तिलाही खर्च आहे. आणि जी कडा न तपासलेली अट गाळते, तिच्यावरून जायला बंदी. या मोठ्या ग्राफवर तोच जुना डायक्स्ट्रा खुशाल चालवा. त्यामुळे ‘गणन परवडत नाही’ ही सबब मला पटत नाही. अटी मॉडेलमधून सुटतात, कारण त्या आकड्यात लिहायला अवघड असतात आणि फी सोपी असते.

ग्राफची मांडणीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. कुठली पायरी फसू शकते, फसली तर पर्याय कोणता, हे ती स्वच्छ दाखवते. तक्रार फक्त कडांवर काय लिहिलं जातं याबद्दल आहे.

हा प्रश्न आपल्याकडेही आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनपीसीआय, रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीमधून यूपीआयनं खरेदी करण्याचा प्रायोगिक प्रकल्प जाहीर केला. त्यात आधीच रक्कम राखून ठेवण्याची ‘रिझर्व्ह पे’ सोय वापरायची कल्पना आहे. रकमेची मर्यादा यंत्रणा पाळेल. पण ‘परत करता येईल अशीच वस्तू’ ही अट कोण पाळणार, हे तिथेही विचारावं लागेल.

या विषयावरचा पुढचा पेपर हातात आला की एक तक्ता करा. ओळींमध्ये ग्राहकाच्या अटी, स्तंभांमध्ये व्यवहाराच्या पायऱ्या. प्रत्येक अट कुठल्या पायरीपर्यंत टिकते तिथे खूण करा. शेवटी वस्तू परत करण्याचा एक स्तंभ वाढवा आणि उलट्या दिशेनं या. जिथे खुणा थांबतात, तिथे बहुतेक तुमचा संशोधनाचा प्रश्न असेल.