नाइटिंगेल यांचा पाकळ्यांचा आलेख : एक पुनर्विचार

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये मांडलेला, क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंचा पाकळ्यांसारखा आलेख सांख्यिकीच्या अध्यापनात आदर्श म्हणून दाखविला जातो. हा गौरव सर्वस्वी ग्राह्य मानता येत नाही. जानेवारी १८५५ मध्ये साथीच्या व तत्सम रोगांनी २,७६१, तर जखमांनी अवघे ८३ सैनिक दगावले. हे प्रमाण तेहतीसपट. परंतु आकडा पाकळीच्या क्षेत्रफळात दडलेला असल्याने तिची लांबी सहापटही भरत नाही, आणि डोळा आधी लांबीच पाहतो.

याहून गंभीर प्रश्न मांडणीचा आहे. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोग दाखल झाला. आलेखाची दोन चक्रेही त्याच महिन्याअखेर विभागलेली आहेत. रोगमृत्यू मात्र फेब्रुवारीत २,१२० व मार्चमध्ये १,२०५ असे आधीच उतरू लागले होते. पुढील जानेवारीत ते ४२ वर आले. तेव्हा आयोगाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तथापि उताराचा आरंभ साध्या रेषालेखात झाकला गेला नसता, आणि विल्यम प्लेफेअर यांनी तो प्रकार १७८६ मध्येच ग्रंथात योजला होता. नाइटिंगेल यांना राज्यकर्त्यांचे मन वळवावयाचे होते. अध्यापकाचे प्रयोजन निराळे असल्याने त्याने दोन्ही आलेख शेजारी ठेवणे इष्ट.