निवेदकाला आवरा

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 2020 साली ‘राजी’ हा व्हिडिओ गेम आणला, त्याचं कौतुक भरपूर झालं आणि ते योग्यच होतं. पण भिंतीवरच्या चित्रापाशी नायिका राजी जरा थबकली, की विष्णू आणि दुर्गा लगेच कथा सांगायला घेतात. अहो, आधी चित्र तरी पाहू द्या!

हा रोग एकट्या ‘राजी’चा नाही, इतर गेम्सनाही तो आहे. ‘डिअर एस्थर’मध्ये बेटावर चालायचं आणि ऐकायचं. निवेदनाचे तुकडे दर खेळीत बदलतात, पण ते संगणकाने चिठ्ठ्या काढल्यासारखे. तुमचा त्यात हात नाही. ‘फायरवॉच’मधल्या वॉकीटॉकीवरच्या गप्पा झकास, पण काहीही उत्तर द्या, शेवट तिथेच. ‘गॉन होम’मध्ये खण उघडत बसावं, तर बहिणीचा आवाज सगळा उलगडा करून मोकळा.

‘स्टॅन्ली पॅरेबल’ची गोष्ट वेगळी. दोन दारं, निवेदक म्हणतो, स्टॅन्ली डावीकडे गेला. तुम्ही मुद्दाम उजवीकडे जाता आणि तो चिडतो. हसू येतं, पण तुमचं बंडही गेम करणाऱ्यांनीच लिहून ठेवलेलं असतं. तेव्हापासून आगाऊ निवेदक म्हणजेच स्वातंत्र्य, असा समज बोकाळला आहे.

खरी निवड कुठे असते, ते ‘ओब्रा डिन’ (2018) दाखवतो. 1807 साली ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज परत येतं, त्यावर जिवंत कुणीच नसतं. साठ माणसं, तुमच्या हातात एक घड्याळ आणि एक वही. प्रेतापाशी घड्याळ उघडलं, की मृत्यूचा क्षण गोठून समोर उभा राहतो. कोण मेलं, कसं मेलं, हे कुणी सांगत नाही. झोपायच्या झोळीवरचा आकडा बघा, बोलीचा हेल ऐका, आणि नाव लिहा. तीन नोंदी बिनचूक जमल्या, की मगच वही त्या पक्क्या करते. खलाशांत हिंदुस्थानीही आहेत. अशा जहाजांवर कोकणातली माणसं असत, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. ‘आउटर वाइल्ड्स’मध्येही तेच: बावीस मिनिटांत सूर्य फुटतो, सगळं पहिल्यापासून सुरू होतं, आणि शिल्लक राहतं ते फक्त तुम्हाला कळलेलं.

आता असाच गेम कोकणातल्या दाभोळ या जुन्या बंदरात घडतो असं समजा. खाडीकाठची शाही मशीद, चंडिकादेवीची अंधारी गुहा, धोपाव्याची फेरीबोट, पलीकडे अंजनवेलला एन्रॉनने उभारलेला वीजप्रकल्प. आधी प्रकल्प पाहून मग मशिदीपाशी आलेल्याला बुडालेल्या व्यापाराचं गाव दिसेल; उलट आलेल्याला दुसरंच काही. संवादाचे तीन पर्याय कशाला हवेत? कुठे आधी जायचं, कुठे रेंगाळायचं, हीच निवड आणि हेच कथन. आपल्या संगीत नाटकातला सूत्रधारसुद्धा प्रस्तावना झाली की बाजूला होतो.

पुण्यातल्या मंडळींनो, पुढच्या गेममध्ये निवेदकाचं मानधन वाचवा आणि ते जागा रंगवणाऱ्यांना द्या.