प्रशिक्षणातील उत्साह : ब्रँड, कार्यसंस्कृती आणि काही प्रश्न

मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून प्रशिक्षणाचा विचार प्रामुख्याने कौशल्यवृद्धीच्या अंगाने केला जातो. कर्मचारी प्रशिक्षणास उत्साहाने का जातो, हा प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो.

मॅकडोनाल्ड्सने १९६१ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका उपाहारगृहाच्या तळघरात प्रशिक्षणवर्ग सुरू केला आणि त्यास ‘हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी’ असे नाव दिले. येथे ‘हॅम्बर्गरॉलॉजी’ची पदवी मिळे. नावात विनोद आहे. पण ज्याने कधी विद्यापीठाची पायरी चढली नाही त्याला पदवीधर म्हणवून घेण्याचे समाधान मिळते, ते विनोदी नाही. डिस्नेने तर भाषाच बदलली. तेथे ग्राहक ‘पाहुणा’ असतो, नोकर ‘कास्ट मेंबर’ असतो आणि नवागताचा पहिला वर्ग ‘ट्रॅडिशन्स’ या नावाने भरतो. झाडू मारणाराही त्यामुळे नाटकातील पात्र ठरतो. ब्रँडचा पहिला ग्राहक कर्मचारीच असतो, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु हा उत्साह कोणाच्या हिताचा? आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सेविकांच्या प्रशिक्षणाचे विश्लेषण करून, हसतमुखपणा हाही श्रमाचाच भाग कसा बनतो हे दाखवले आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पातळ्यांत प्रशिक्षणार्थीची पसंती ही केवळ पहिली पातळी आहे. शिकणे, वर्तनातील बदल आणि परिणाम या पुढच्या. ब्रँड पहिली पातळी सहज गाठून देतो. पुढच्या तीन कार्यसंस्कृतीवर अवलंबून असतात. जनरल इलेक्ट्रिकच्या क्रॉटनव्हिल केंद्रात जॅक वेल्श स्वतः वर्गात येऊन व्यवस्थापकांच्या प्रश्नांना सामोरे जात. नुसत्या नावाने हे साधले नसते.

आपल्याकडे १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे आली, पुढे त्यांची नावे बदलत गेली. उजळणी वर्गाचे प्रमाणपत्र पदोन्नतीस लागते, त्यामुळे उपस्थितीची चिंता नसते, आणि उत्साहाची गरजही कोणास भासत नाही. प्रस्तुत लेखकाने अशाच एका वर्गाच्या अखेरच्या दिवशी अभिप्रायपत्रातील सर्व रकान्यांत ‘उत्कृष्ट’ असे लिहिले होते. परतल्यावर त्याचे अध्यापन पूर्वीच्याच टिपणांवर चालू राहिले, आणि महाविद्यालयात त्याविषयी कोणी विचारलेही नाही.